विजेची ठिणगी आणि हवेचे रसायन

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात आम्ही नायट्रोजन चक्राविषयी बोलत होतो. आकाशात वीज चमकते तेव्हा हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रिक आम्ल जमिनीत उतरते, हे नेहमीचे वाक्य आम्ही उच्चारले आणि पुढे निघालो. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका शिक्षकांनी हात वर केला. "सर, हवेत दोन्ही वायू तयारच आहेत. मग एका ठिणगीने गवताची गंजी पेटते, तशी एका विजेने सगळी हवा का पेटत नाही? आणि उष्णतेने जर संयोग झाला, तर वीज विझल्यावर तो टिकतो कसा?" नायट्रोजन हा फार निष्क्रिय वायू आहे, असे काहीतरी आम्ही बोललो. ते उत्तर नव्हते, हे त्यांच्याही लक्षात आले आणि आमच्याही.

घरी येऊन जुनी पुस्तके उघडली तेव्हा दिसले, की या दोन प्रश्नांचा नीट उलगडा व्हायला शास्त्रज्ञांनाही शंभराहून अधिक वर्षे लागली. वायूतून वीज गेली की पदार्थ घडतात. पण जी ठिणगी पदार्थ घडवते तीच त्याला मोडूनही टाकते. घडलेला पदार्थ हाती लागायचा तर त्याला ठिणगीच्या तावडीतून वेळीच सोडवावे लागते. हे सोडवण्याचे काम कोणी, कसे केले, त्याची हकीकत येथे सांगणार आहोत.

सुरुवात इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली यांच्यापासून करू. अठराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे बऱ्याच हौशी संशोधकांकडे होती. प्रीस्टली यांनी काचेच्या नळीत थोडी हवा कोंडली, खाली लिटमसचे निळे द्रावण ठेवले आणि हवेतून ठिणग्या पाडल्या. द्रावण तांबडे झाले आणि हवेचे आकारमान घटले. हवेत कोठून तरी आम्ल आले होते. प्रीस्टली यांना वाटले, हा कार्बन डायऑक्साइड असावा. त्या वेळी जळणाऱ्या प्रत्येक पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' नावाचे काहीतरी बाहेर पडते असा समज होता आणि त्या चौकटीत हा अर्थ बसत होता. आज तो चुकीचा ठरला म्हणून हसण्याचे कारण नाही. निरीक्षण अगदी खरे होते.

सोऱ्याचा शोध

हेन्री कॅव्हेंडिश हा मनुष्य गर्भश्रीमंत, अबोल आणि मोजमापाच्या बाबतीत विलक्षण काटेकोर. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या मिश्रणात ठिणगी पाडली की पाणी मिळते, हे त्याने १७८४ साली प्रसिद्ध केले होते. त्या प्रयोगांत एक गोष्ट त्याला खुपत होती. मिळणारे पाणी कधी कधी आंबट निघे. हे आम्ल कोठून येते, याचा शोध घेता घेता तो प्रीस्टलीच्या प्रयोगाकडे वळला.

त्याने इंग्रजी व्ही अक्षर उलटे धरावे तशी काचेची नळी वाकवली. नळी पाऱ्याने भरून तिची दोन्ही टोके पारा असलेल्या दोन पेल्यांत बुडवली. मधल्या वाकणात थोडी हवा सोडली आणि यंत्र फिरवून तिच्यातून ठिणग्या पाडल्या. चुन्याची निवळी ठेवून पाहिली, ती दुधाळ झाली नाही. म्हणजे हे आम्ल कार्बन डायऑक्साइडचे नव्हते. मग निवळीऐवजी त्याने पोटॅशचे अल्कली द्रावण ठेवले आणि हवेत जादा ऑक्सिजन मिसळून पाहिला. पाच भाग ऑक्सिजन व तीन भाग साधी हवा असे मिश्रण घेतले, की जवळजवळ सगळा वायू नाहीसा होई. उरलेले द्रावण आटवून त्यात कागद बुडवला, तर तो सोऱ्यात भिजवलेल्या कागदासारखा तडतडत जळे. हवेपासून सोरा तयार झाला होता. हा निबंध १७८५ साली रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

पाचास तीन या प्रमाणाची आकडेमोड वर्गात जरूर करून पाहावी. तीन भाग हवेत साधारण २.३७ भाग नायट्रोजन आणि ०.६३ भाग ऑक्सिजन. वरचे पाच भाग मिळवले की ऑक्सिजन ५.६३ होतो. म्हणजे नायट्रोजनच्या सुमारे २.४ पट. आता आजचे समीकरण पाहा. नायट्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे पाच आणि पाण्याचे दोन मिळून नायट्रिक आम्लाचे चार रेणू होतात. म्हणजे प्रमाण २.५ पट. नायट्रेटबरोबर थोडे नायट्राइटही होते, त्याला ऑक्सिजन कमी लागतो. रेणू ही कल्पनाच नसलेल्या काळात, हाताने फिरवायच्या यंत्रावर हा मनुष्य इतक्या जवळ पोहोचला होता.

पोटॅशचे महत्त्व मात्र बहुतेक पुस्तकांत निसटते. ठिणगीत घडलेली नायट्रोजनची ऑक्साइडे पुन्हा ठिणगीत सापडली तर तुटतात. पोटॅश त्यांना शोषून घेई आणि पुढच्या ठिणगीच्या वाटेतून दूर करी. कॅव्हेंडिशला हे अशा शब्दांत ठाऊक नव्हते, पण त्याच्या मांडणीत ते आपोआप घडत होते.

प्रयोग सोपा मात्र नव्हता. पॅरिसमध्ये लाव्हाझिए व मॉन्झ यांना आणि हॉलंडमध्ये मार्टिनस व्हान मारुम यांना तो साधला नाही. तेव्हा रॉयल सोसायटीचे कारकून गिल्पिन यांच्याकडून, साक्षीदारांसमोर, तो पुन्हा करवून घेण्यात आला. आठवडेच्या आठवडे यंत्र फिरवावे लागले. सोरा मिळाला आणि ती हकीकत १७८८ साली प्रसिद्ध झाली. प्रयोग फसला म्हणून सिद्धान्त खोटा, असे न म्हणता हात बदलून पुन्हा करून पाहणे, ही गोष्ट आम्हांला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

पण १७८५ च्या त्या निबंधात आणखी एक परिच्छेद होता. कॅव्हेंडिशला शंका आली, की आपण ज्याला हवेचा हा निष्क्रिय भाग म्हणतो तो सगळा एकच वायू आहे कशावरून? म्हणून त्याने नायट्रोजन संपेपर्यंत ठिणग्या पाडत ठेवल्या आणि शिल्लक ऑक्सिजन गंधकयुक्त पोटॅशच्या द्रावणाने शोषून घेतला. शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला. त्याने तो मोजला आणि लिहिले, की या भागात काही निराळे असलेच तर ते एकूण भागाच्या १/१२० हून अधिक नाही. पुष्कळदा म्हणतात, की कॅव्हेंडिशने आर्गॉन शोधला पण ओळखला नाही. आम्हांला हे म्हणणे थोडे अन्यायाचे वाटते. तो एक मर्यादा सांगत होता, आणि ती मर्यादा जाणीवपूर्वक मोजलेली होती. हा बुडबुडा पुढे शंभराहून अधिक वर्षे कोणी विचारात घेतला नाही.

त्याच १७८५ साली फ्रान्समध्ये बर्तोले यांनी अमोनिया वायूत ठिणग्या पाडल्या. येथे उलटे घडले. आकारमान जवळजवळ दुप्पट झाले, कारण अमोनियाच्या दोन भागांपासून एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन, असे चार भाग होतात. अमोनियाची घटना अशी उलगडली. पण नायट्रोजन व हायड्रोजनच्या मिश्रणात ठिणग्या पाडल्या तर अगदी थोडा अमोनिया होऊन क्रिया थांबते. नळीत गंधकाम्ल ठेवले, तर ते अमोनिया गिळत राहते आणि क्रिया सावकाश पुढे चालू राहते. कॅव्हेंडिशच्या पोटॅशचीच ही दुसरी आवृत्ती.

यंत्राजवळचा वास

व्हान मारुम यांच्याकडे हार्लेम येथील टेलर संग्रहालयात त्या काळातील सर्वांत मोठे घर्षण-विद्युत् यंत्र होते. त्याच्या काचेच्या तबकड्यांचा व्यास सुमारे १.६५ मीटर. ऑक्सिजनमधून ठिणग्या पाडताना त्यांना एक तीव्र वास आला आणि पाऱ्याची चकाकी गेली. त्यांना तो विजेचाच वास वाटला. पुढे बाझेल येथील शनबाइन यांना पाण्याचे विद्युत् विश्लेषण करताना तोच वास आला. एवढेच नव्हे, तर वास येणारा पदार्थ निराळा असला पाहिजे हे ओळखून १८४० च्या सुमारास त्यांनी त्याला 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ओझोन हे नाव दिले. १८४५ साली मारिन्याक व द ला रीव्ह यांनी कोरड्या, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणग्या पाडून ओझोन मिळवला. म्हणजे त्यात ऑक्सिजनखेरीज दुसरे काही असणे शक्य नव्हते.

पण ठिणगीने ओझोन फारच थोडा मिळे. १८५७ साली व्हेर्नर सीमेन्स यांनी एक युक्ती काढली. एका काचनळीत दुसरी बसवली, आतल्या नळीच्या आत आणि बाहेरच्या नळीच्या बाहेर कथलाचा पत्रा लावला आणि दोन काचांमधील अरुंद फटीतून ऑक्सिजन सोडला. पत्र्यांना उच्च दाबाची, सतत दिशा बदलणारी वीज दिली की ठिणगी उडत नाही, आवाजही होत नाही. अंधारात फक्त मंद निळसर उजेड दिसतो. याला निःशब्द विसर्जन म्हणतात. यात ओझोन कितीतरी अधिक मिळतो.

असे का, याची खूण अँड्र्यूज व टेट यांच्या १८६० सालच्या प्रयोगात सापडते. निःशब्द विसर्जनाने ऑक्सिजनचे आकारमान बरेच घटले; साध्या ठिणगीने थोडेच. मग निःशब्द विसर्जनाने घटलेल्या वायूत ठिणग्या पाडल्या, तर तो पुन्हा फुगू लागला. ठिणगी आधीचा ओझोन मोडत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर निःशब्द विसर्जनात वेगवान इलेक्ट्रॉन ऑक्सिजनचा रेणू फोडतात, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. वायू मात्र थंडच राहतो. ठिणगीत वायू तापतो आणि ओझोनला उष्णता मानवत नाही. येथे शोषून घेणारे द्रावण नाही. घडलेल्या पदार्थाला वाचवतो तो थंडपणा. या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांनी फ्रान्समधील नीस शहराचे पिण्याचे पाणी १९०६ सालापासून निर्जंतुक होऊ लागले.

सीमेन्सच्या या नळीचा एक धागा आपल्याकडेही येतो. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एस. एस. जोशी यांनी आयुष्यभर निःशब्द विसर्जनातील रासायनिक क्रियांचा अभ्यास केला. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी नायट्रस ऑक्साइडचे अशा विसर्जनात विघटन कसे होते ते तपासले. पुढे क्लोरीनवर काम करताना त्यांना दिसले, की नळीवर साधा उजेड पाडला की विसर्जनाचा प्रवाह घटतो आणि उजेड काढून घेतला की लगेच पूर्ववत होतो. उजेडाने प्रवाह वाढावा अशीच कोणाचीही अपेक्षा असेल! जोशी यांचे स्पष्टीकरण असे, की उजेडामुळे काचेवर चिकटलेल्या वायूच्या थरातून इलेक्ट्रॉन सुटतात, पण क्लोरीन त्यांना पकडून जड, मंद ऋण आयन बनवतो आणि ते प्रवाहाला अडवतात. 'जोशी परिणाम' या नावाने ही घटना ओळखली जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला एखादी ओळ मिळायला हरकत नव्हती.

आता पुन्हा त्या बुडबुड्याकडे. १८९२ साली लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेपासून काढलेल्या नायट्रोजनने भरलेल्या त्यांच्या फुग्यात सुमारे २.३१० ग्रॅम वायू मावे. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन भरला तर सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अवघ्या ११ मिलिग्रॅमचा, पण काही केल्या जाईना. अखेर त्यांनी कॅव्हेंडिशचाच प्रयोग पुन्हा मांडला. हातयंत्राच्या जागी प्रवर्तन वेटोळे आले होते. तासाला ३० घन सेंटिमीटर वायू शोषला जाई आणि रॅले यांनी नोंदवले आहे, की कॅव्हेंडिशच्या सुस्थितीतील यंत्राच्या हा जवळजवळ तीसपट वेग आहे. शेवटी बुडबुडा उरलाच, आणि जितकी जास्त हवा घ्यावी तितका तो मोठा होई. विल्यम रॅम्झी यांनी तापलेल्या मॅग्नेशियममध्ये नायट्रोजन शोषून तोच वायू मिळवला. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे दोघांनी नवा वायू जाहीर केला. ठिणगीलाही न बधणाऱ्या या वायूला आळशी या अर्थाचे आर्गॉन हे नाव मिळाले.

नॉर्वेतील प्रज्योत

विल्यम क्रुक्स यांनी १८९२ साली दोन विद्युत् अग्रांमध्ये हवा 'जळते' हे लंडनमध्ये प्रात्यक्षिक करून दाखवले. उजळणी वर्गातील पहिला प्रश्न त्यांनाही पडला होता: ही ज्योत पसरून सगळे वातावरण पेटून नायट्रिक आम्लाचे समुद्र का होत नाहीत? त्यांचे उत्तर असे, की नायट्रोजनच्या ज्योतीचे तापमान त्याला पेटवण्यास लागणाऱ्या तापमानाहून कमी पडते. आज आपण ते अधिक सरळ सांगू शकतो. गवत जळते तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि ती शेजारची काडी पेटवते. नायट्रोजन व ऑक्सिजनच्या संयोगात उष्णता बाहेर पडत नाही, आत घेतली जाते. नायट्रोजनच्या एका मोलमागे सुमारे १८० किलोज्यूल. विजेने ऊर्जा पुरवली तोवर क्रिया होते. शेजारच्या हवेला द्यायला तिच्याजवळ काही उरत नाही.

१८९८ साली ब्रिस्टल येथील अध्यक्षीय भाषणात क्रुक्स यांनी इशारा दिला, की गव्हाच्या शेतीला लागणारा चिलीचा सोरा संपत जाणार आहे. हवेतील नायट्रोजन बांधून घेतला नाही तर अन्न अपुरे पडेल. पुढे नायगारा धबधब्याच्या विजेवर ब्रॅडली व लव्हजॉय यांनी कारखाना काढला. तो दोन-तीन वर्षांत, १९०४ साली, बंद पडला.

यश आले ते नॉर्वेत. क्रिस्टियन बर्कलंड हे ध्रुवीय प्रकाशाचे अभ्यासक. विद्युत् चुंबकाने गोळा फेकणारी तोफ बनवण्याच्याही ते नादात होते. फेब्रुवारी १९०३ मध्ये एका मेजवानीत सॅम आयडे हे अभियंते त्यांना म्हणाले, की मला पृथ्वीवरची सर्वांत मोठी वीज हवी आहे. बर्कलंड म्हणाले, ती मी देतो, असे सांगतात. तोफेच्या खटपटीत विद्युत् प्रज्योत आणि चुंबकक्षेत्र यांचा मेळ त्यांच्या परिचयाचा होता. पाणी खेळवून थंड ठेवलेल्या तांब्याच्या दोन नळ्यांमध्ये प्रत्यावर्ती विजेची प्रज्योत पेटवायची आणि तिला काटकोनात प्रबळ चुंबकक्षेत्र द्यायचे. प्रज्योत एकदा वर, एकदा खाली अशी अर्धवर्तुळात फाकते आणि डोळ्यांना दोन-तीन मीटर व्यासाची तळपती तबकडी दिसते.

या तबकडीची खरी करामत तिच्या आकारापेक्षा तिच्या चंचलपणात होती, आणि वर्गातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. ३००० केल्विनच्या आसपास तापलेल्या हवेत समतोल साधला, तर नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शेकडा चारच्या जवळपास असते. २००० केल्विनला ते शेकडा एकाहूनही कमी. नेहमीच्या तापमानाला जवळजवळ शून्य. हवा सावकाश निवली, तर उतरताना प्रत्येक पायरीवर घडलेला पदार्थ मोडत जातो आणि शेवटी हाती काही राहत नाही. ती एकदम निवली, तर मोडण्याची क्रियाही तितकीच एकदम मंदावते आणि नायट्रिक ऑक्साइड जणू गोठून राहतो. सरकती प्रज्योत हवेला क्षणभर स्पर्श करून पुढे जाई आणि मागून थंड हवेचा लोट येई. भट्टीतून निघणाऱ्या हवेत शेकडा एक-दोन नायट्रिक ऑक्साइड असे. पुढे त्याचा तपकिरी डायऑक्साइड होऊन ग्रॅनाइटच्या उंच मनोऱ्यांत पाण्यात शोषला जाई, आणि मिळालेल्या आम्लात चुनखडी घालून कॅल्शियम नायट्रेट हे खत बने.

१९०५ साली नोटोडेन येथे कारखाना सुरू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली आणि १९११ साली रियुकान येथे त्याहून मोठा कारखाना उभा राहिला. टनभर नायट्रिक आम्लाला सुमारे १५,००० युनिट वीज लागे. रासायनिक हिशेबाने नायट्रिक ऑक्साइड घडवण्यासाठी सुमारे ४०० युनिट पुरेत. म्हणजे शेकडा तीनदेखील ऊर्जा कारणी लागत नव्हती. बाकी सगळी हवा तापवण्यात जाई. नॉर्वेतील धबधब्यांची वीज स्वस्त म्हणून हे परवडले. स्वतः फ्रिट्झ हाबर यांनीही आधी विद्युत् प्रज्योतीवर बरेच काम केले होते. नंतर ते उत्प्रेरकाकडे वळले. १९१३ साली ओपाऊ येथे अमोनियाचा कारखाना निघाला आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस नॉर्स्क हायड्रोनेही ती पद्धत स्वीकारली. सौर व पवनविजेमुळे अलीकडे प्रज्योतीच्या जुन्या वाटेकडे काही प्रयोगशाळा पुन्हा वळल्या आहेत. अडचण अजून तीच, टनामागे लागणाऱ्या युनिटांची.

आकाशातील विजेचा मार्ग सुमारे ३०,००० केल्विनपर्यंत तापतो आणि भोवतालच्या हवेत मिसळून काही मिलिसेकंदांत निवतो. बर्कलंडची भट्टी तेथे फुकट चालते. मात्र ती किती देते, हेही पाहावे. जगभरातील विजांपासून वर्षाला बांधला जाणारा नायट्रोजन सुमारे ५० लाख टन धरतात. अंदाज २० ते ८० लाखांच्या दरम्यान आहेत. पृथ्वीच्या एकूण पृष्ठभागावर तो सारखा वाटला तर हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम येतात. आपल्याकडे विजा सरासरीहून जास्त, म्हणून काही पट अधिक धरू. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. विजेमुळे शेतीला खत मिळते हे वाक्य खोटे नाही, पण ते शिकवताना हा आकडा शेजारी असावा.

हे सर्व आम्ही त्या शिक्षकांना पत्राने कळवले. उलट टपाली त्यांचे उत्तर आले. दहावीच्या मुलांनी कॅव्हेंडिशच्या बुडबुड्याचा हिशेब केला होता. हवेत आर्गॉन शेकडा ०.९३ आणि नायट्रोजन शेकडा ७८. म्हणजे बुडबुडा १/८५ च्या आसपास यायला हवा होता. कॅव्हेंडिश १/१२० म्हणतो. मग जवळजवळ तिसरा हिस्सा आर्गॉन गेला कोठे, असे मुले विचारतात. आम्ही कळवले, की आर्गॉन पाण्यात नायट्रोजनच्या दुपटीहून अधिक विरघळतो. आठवडेच्या आठवडे पोटॅशला आणि शेवटी त्या गंधकाच्या द्रावणाला लागून राहिलेल्या बुडबुड्यातील काही भाग द्रावणात गेला असावा. हा आमचा तर्क. मुलांनी तो तपासायचे ठरवले आहे, फक्त ठिणगीऐवजी पाणी आणि बुडबुडे घेऊन.